राजे पारड्यात बसले त्याची गोष्ट

आमच्या राज्याचं नाव सांगून तुम्हांला काही उपयोग नाही. जळगावात आता माझा जन्म गेला, पण अजून कोणाला म्हटलं की मी राजाच्या गावची, तर ते लगेच विचारतात, बडोदा का इंदूर? मी म्हणते, साक्रीच्या पुढे. मग ते हसतात. हसा बापडे. साक्रीच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात तिथे आमचं सात गावांचं राज्य होतं, आणि त्यांतली निम्मी गावं म्हणजे नुसते पाडे. सगळी रयत एकत्र केली असती तरी साक्रीचा आठवडे बाजार भरला नसता. राजवाडा म्हणजे खाली दगडी ओटा, वर माडी आणि माडीवर कौलं. पुढे धुळ्यात एका सुताच्या व्यापाऱ्याचं घर मी पाहिलं तेव्हा मायला विचारलं होतं की हा कुठला राजा. आमच्या राजवाड्याच्या दारात एक तोफ मात्र होती. ती म्हणे कधीकाळी एकदा उडवली आणि गावातल्या म्हशींनी आठवडाभर दूध चोरलं, तेव्हापासून तिला कोणी हात लावला नाही. आम्ही पोरी तिच्यावर बसून चिंचा खात असू.

आमचं घर राजवाड्याच्या बरोबर समोर, कारण राज्याचा मोठा काटा आमच्याकडे होता. माझे वडील, आबा, तोलारी. कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती तोलणारा तो काटा सागाच्या तीन बल्ल्यांवर टांगलेला असे, त्याला दोन बाजूंना साखळ्यांनी अडकवलेल्या जाड फळ्या, तीच त्याची पारडी. वारा सुटला की त्या साखळ्या वाजायच्या. मला झोप लागायची ती त्या आवाजावर, आणि लग्न होऊन जळगावात आले तेव्हा कितीतरी दिवस मला झोप येईना, तेव्हा कुठे कळलं की काय कमी पडतंय. आबा बोलायचे फार थोडं. तोलायला बसले की पहिल्या वजनाला कधी ‘एक’ म्हणायचे नाहीत, ‘लाभ’ म्हणायचे. लाभ, दोन, तीन, असं पुढे. सगळेच तोलारी तसं मोजतात, पण आबा लाभ म्हणायच्या आधी डोळे मिटायचे. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी मला अंक म्हणायला लावले, मी डोळे मिटून ‘लाभ, दोन, तीन’ म्हटलं आणि छडी खाल्ली. घरी येऊन सांगितलं तर आबा हसले आणि अक्का मास्तरांच्या घरी भांडायला गेली.

अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. लहान वयात नवरा गेला, माहेरी आली, आणि आल्या दिवसापासून घर तिने हातात घेतलं. सात गावांवर राजे राज्य करत, आणि राजवाड्यासमोरच्या घरावर अक्का. मायचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, कारण चूल मायची होती. माझ्या मायच्या हातचे मांडे ज्याने खाल्ले नाहीत त्याला मी काय सांगू? चुलीवर खापर पालथं घातलेलं, खाली लाकडं धडधडतायत, आणि माय पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर असा फिरवत न्यायची की बघता बघता तो कोपरापर्यंत पसरायचा आणि मग अलगद खापरावर जाऊन पडायचा. तिच्या कोपरांवर भाजल्याचे डाग कायम असत. आमच्या सुनबाई परवा मोबाइलवर कोणाचे तरी मांडे बघत होत्या. मी म्हटलं, बाई बांगड्या घालून करतेय, हिला काय येणार.

राज्य गेलं ते मला चांगलं आठवतं, कारण त्या दिवशी मी पहिल्यांदा जीप पाहिली. दोन साहेब आले, ओट्यावर बसले, चहा प्यायले, राजांनी सही केली, साहेब गेले. आम्ही सगळ्या पोरी जीपच्या धुळीमागे धावलो. परत आलो तर राज्य नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या भांडणातले दोघे भाऊ नेहमीसारखे ओट्यावर येऊन बसले. राजे म्हणाले की आता साक्रीला कचेरीत जा, तर ते म्हणाले साक्री लांब आहे, तुम्हीच सांगा. राजांनी सांगितलं. असं पुढे किती वर्षं चाललं. बदललं ते एवढंच की राजवाड्यातला स्वयंपाकी धुळ्याला एका हॉटेलात गेला आणि राजांच्या जेवणाची आबाळ सुरू झाली. राणीमाय फार मोठ्या मनाची बाई. आम्हां पोरींच्या डोक्याला तेल लावायची, वेण्या घालायची. पण तिच्या हाताला चव नव्हती, आणि हे राजांपासून तोफेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी राजांची जोडीदारीण होते. म्हणजे सोंगट्यांची. राज्य गेल्यावर त्यांच्याशी खेळायला कोणी मोकळं नव्हतं. त्यांना मूलबाळ नाही, आणि मोठी माणसं मुद्दाम हरत. मी हरत नसे. संध्याकाळी माडीवर पट मांडायचा, कवड्या फेकायच्या आणि राजांना रडकुंडीला आणायचं हा माझा नेम. उंच, पुढे वाकलेले, पांढऱ्या मिशा, अंगात साधी बंडी आणि बोलणं आमच्यासारखंच खानदेशी. परगावचा माणूस त्यांनाच विचारायचा की राजेसाहेब कुठे भेटतील. पण राज्य गेल्यापासून ते वाळत चालले होते. आधी गालफडं दिसायला लागली, मग गळ्याची हाडं. अक्का रोज ओट्यावरून बघायची आणि जीभ टाळ्याला लावून आवाज करायची.

जुबिलीचं अक्काच्याच डोक्यात आलं. राजे अगदी लहान असताना अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी गादीवर बसले होते, आणि येत्या अखाजीला त्याला पन्नास वर्षं होत होती. पंचवीस झाली तेव्हाची चांदीची जुबिली अक्काने पाहिलेली. ती ते सांगायला लागली की भाकरी करपायची. केळीच्या खांबांच्या कमानी उभारल्या होत्या, कुठल्याशा सर्कशीचा हत्ती भाड्याने आणला होता आणि मिरवणूक निघायच्या आत हत्तीने कमानी खाऊन टाकल्या. मग राजांची तुला झाली. आमच्याच काट्यावर, आजोबांच्या हातून. एका पारड्यात राजे, दुसऱ्यात खजिन्यातून आणलेला गूळ, आणि काटा सरळ झाल्यावर तो गूळ घरोघर वाटला. राजे तेव्हा असे अंगाने भरलेले होते, अक्का हात पसरून दाखवायची, की उरलेला गूळ दिवाळीपर्यंत पुरला.

आता सोन्याची जुबिली करायची, पुन्हा तुला करायची, असं अक्काने जाहीर केलं तेव्हा आमच्याकडे धुळ्याचा मधूमामा आलेला होता. मायचा धाकटा भाऊ. धुळ्याच्या कोर्टात कारकून, खादीची टोपी, गोल पोट, आणि बोलणं सगळं छापल्यासारखं. तो म्हणाला, अक्का, आता राजा नाही आणि रयतही नाही, आता सगळे नागरिक. शिवाय राज्य मध्येच संपलं, तर पन्नास वर्षं भरलीच कुठे? हिशेबाने बरोबर होतं ते. अक्का भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

“माझा माणूस गेला त्याला किती वर्षं झाली, मधू? म्हणून मी त्याची बायको नाही का?” ती म्हणाली. “राज गयं ते गयं. राजा तं आपलाच शे ना.”

मामाने शेवभाजी मात्र दोनदा मागून घेतली.

राजे तयार नव्हते. खूप आढेवेढे घेतले. शेवटी राणीमाय म्हणाली की मला तुम्हांला पुन्हा एकदा जरीची अचकन घातलेली बघायचीय, तेव्हा कबूल झाले. पण वर्गणी काढायची नाही, दवंडी द्यायची नाही, ज्याच्या मनात असेल तो येईल आणि आणायचा तर मूठभर गूळ आणील, अशी अट घातली. आबांनी मान हलवली. आणि अक्काने पदर खोचून राजांना जाड करायचं काम हाती घेतलं. एवढा वाळलेला राजा पारड्यात बसवायचा म्हणजे सात गावांची शोभा, असं तिचं म्हणणं. थंडीचे दिवस होते. रोज संध्याकाळी मी सोंगट्या खेळायला निघाले की माझ्या हातात पितळी डबा यायचा. भरीत, कळण्याची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. कधी तुपात बुडवलेली बट्टी. कधी डुबुकवड्या. सणावाराला मांडे, हातरुमालासारखे घडी घालून. नुसतं लिहिताना आता तोंडाला पाणी सुटलं, आणि डॉक्टरांनी मला तूप बंद केलेलं आहे.

राजे डबा उघडायचे, वास घ्यायचे, डोळे मिटायचे. मग एक घास स्वतः खायचे आणि डबा माझ्याकडे सरकवायचे. “खाय, पोरी.” मी पहिल्या दिवशी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी भरीत होतं. तिसऱ्या दिवसापासून मी घरी जेवताना भूक नाही म्हणायला लागले, आणि माय माझी दृष्ट काढायला लागली. एकदा मी विचारलंच की तुम्ही का खात नाही, तुम्हांला जाड व्हायचंय ना. राजे कवड्या हातात खुळखुळवत राहिले. खाली अंगणात आमच्या काट्याच्या साखळ्या वाजत होत्या.

“खजिना गया, पोरी. आते पारडं कोन भरी?” ते म्हणाले. “मी जड ऱ्हायनू तं माले घेऊन पारडं खालेच ऱ्हाई. दोन-चार जण येतीन, मूठमूठ गूळ टाकतीन, आनि बठ्ठा गाव देखी की राजाले कोन्ही नही. त्यापेक्षा मी वाळेलच बरा.”

मग त्यांनी कवड्या फेकल्या. मी तो डाव जिंकले, पण मला तो जिंकायचा नव्हता.

हे मी कोणालाच सांगितलं नाही, कारण राजांनी डोक्यावर हात ठेवायला लावला होता. पण कपडे बोलले. फाल्गुनात एका दुपारी राणीमाय जरीची अचकन घेऊन आमच्याकडे आली. राजांना ती अंगात इतकी ढगळ होत होती की आत अजून एक राजा मावला असता. माय शिवणकामात हुशार, तिने ती दोन्ही बाजूंनी आत घ्यायला घेतली. आणि त्याच वेळी मायच्या मांडीशी माझं पोलकं पडलेलं, जे आदल्या दिवशी काखेत टरकन उसवलं होतं आणि सैल करायचं होतं. अक्का दारातून आत आली. तिने अचकनीकडे बघितलं, पोलक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पळणार होते, पण वेणी तिच्या हातात आली. आता डोक्यावरचा हात मोठा की हातातली वेणी मोठी? मी सगळं सांगितलं. मला वाटलं धपाटा बसणार. अक्का मटकन खाली बसली. राणीमायने अचकन तोंडाशी धरली.

त्यानंतरच्या प्रत्येक बाजाराला अक्का जातीने गेली. तिने काय केलं ते पुढे कळलं. दवंडी द्यायची नाही अशी अट होती, म्हणून तिने दवंडी दिली नाही. भाजीपाशी, मिठापाशी, कासाराच्या पुढ्यात, जी बाई भेटेल तिला बाजूला घेऊन तिच्या कानाशी लागायची आणि सांगायची, अखाजीला राजांची तुला आहे बाई, आणि कोणाचा भरवसा नाही. सगळे विसरले. तू तेवढी ये, आणि जमलं तर जरा जास्त आण, म्हणजे उघडं पडायला नको. असं तिने एकेकीला गाठून, शपथ घालून सांगितलं. सात गावांतल्या प्रत्येक घराला वाटलं की राजाची लाज आता आपल्याच एका हातात आहे.

अखाजी उजाडली. आमच्याकडचा तो सर्वांत मोठा सण. सासरच्या पोरी माहेरी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गौराईची गाणी, घराघरांत रसाचे आंबे पिळले जातायत आणि खापरं तापतायत. तुला दुपारची ठरली होती. पण राजा काय करतो ते बघायला साक्रीहून मामलेदार आलेले, त्यांना ऊन चढायच्या आत परत जायचं होतं, तेव्हा ते म्हणाले की आटपा लवकर. राजांनी कोणाला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. सकाळीच काटा उभा राहिला, मायने पारड्यांना हळदकुंकू लावलं, मी झेंडूच्या माळा बांधल्या. आणि पटांगणात कोणीच नाही. आम्ही घरचे, मधूमामा, मामलेदार आणि त्यांचा पट्टेवाला. अखाजीला आधी पितरांची घागर भरायची, त्यांच्या नावाने विस्तवावर घास, म्हणजे आगारी, टाकायची आणि मग घराबाहेर पडायचं, हे आमच्या प्रत्येक घरात ठरलेलं. दुपारच्या आत कोण येणार? पण त्या घडीला हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. सगळ्यांना भलतंच ध्यानात येत होतं.

राजे अचकन घालून आले. दोन्ही बाजूंनी आत घेऊनसुद्धा ती खांद्यावरून ओघळत होती. त्यांनी रिकाम्या पटांगणाकडे पाहिलं, आणि आबांना शांतपणे म्हणाले की चला, तोला. पारड्यात मांडी घालून बसले. साखळ्या कुरकुरल्या, पारडं खाली टेकलं. आबांनी दुसऱ्या पारड्यात आमच्या घरची गुळाची ढेप ठेवली. काटा हललासुद्धा नाही. मामलेदारांनी घड्याळ काढून बघितलं. मधूमामा, ज्याला खरं तर हेच म्हणायचं होतं, तो खाली मान घालून अंगठ्याने माती उकरत होता. राजांनी माझ्याकडे बघितलं. काय करू मी? राजे हसले थोडेसे, आणि उठायला म्हणून त्यांनी साखळीला हात घातला.

अक्का पुढे झाली. हलू नका, म्हणाली. राजांना असं कोणी सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. “आगारी व्हई जाऊ द्या. मंग देखा.” आणि ती काट्याच्या बल्लीला टेकून, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. मामलेदार म्हणाले, बाई, मला वेळ नाही. अक्काने त्यांना माठातलं पाणी दिलं आणि सावलीत बसवलं. वेळ फार हळू गेला. राजे पारड्यातच बसून होते. मी त्यांना पंख्याने वारा घालत होते.

आधी ढोल ऐकू आला. डोंगराकडच्या वाटेने पाड्यांवरची माणसं येत होती, बाया पुढे, पुरुष मागे. मग नदीकडून एक रांग. मग खालच्या आळीतून. प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी, आणि मूठभर कोणाचंच नव्हतं. अक्काने भीती अशी घातली होती की ज्याने त्याने उचलेल तेवढं आणलं होतं. अख्ख्या ढेपी. फडक्यात बांधलेल्या, पाटीत घातलेल्या, एकीने तर पोर घेतात तशी कडेवर घेतलेली. ज्यांच्याकडे गूळ नव्हता त्यांनी टोपलीभर मोहाची सुकलेली फुलं आणली, गोडाला गोड म्हणून. आणि येताना जो तो दुसऱ्याच्या डोक्याकडे बघत होता आणि मग अक्काकडे. अक्का आभाळाकडे बघत होती.

पहिल्या काही ढेपींतच राजांचं पारडं जमीन सोडून उचललं. लोकांनी हर्षाने आरोळी दिली. काटा सरळ झाला, आबांनी हात वर केला की पुरे. पण ऐकतो कोण? मागून रांग सरकतच होती. ज्याने त्याने येऊन आपली ढेप ठेवायची, राजांना हात जोडायचे आणि बाजूला व्हायचं. राजे वर चालले. आधी कमरेइतके, मग छातीइतके, आणि शेवटी दुसरं पारडं दणकन जमिनीला टेकलं तेव्हा राजे आमच्या डोक्यांच्या वर, साखळ्या धरून, अचकन फडफडत, झोक्यावरच्या पोरीसारखे लोंबकळत राहिले. वाळल्याचा परिणाम, दुसरं काय.

आबांनी एक ढेप उचलून बाजूला ठेवायला घेतली, तर जिची होती ती म्हातारी आडवी आली.

“वाही दिन्हं ते दिन्हं, भाऊ. माझी काढू नको. तिची काढ.”

तिने बोट दाखवलं ती म्हणाली, माझी का म्हणून? मी लांबून आले. तिसरीची काढावी तर तिचा नवरा म्हणाला की पाड्याची म्हणून आमची काढता होय. एकसुद्धा आपली ढेप काढू देईना. राजासाठी ठेवलेलं कमी करायचं म्हणजे अपमान, आणि अपमान आपल्याच घराचा का? भांडण चांगलं रंगात आलं. मधूमामाने नागरिकांना शांततेचं आवाहन केलं, त्याला कोणी विचारलं नाही. वरून राजांचा आवाज आला, “आरे, माले खाले तं उतारा.” पण त्या आवाजात काहीतरी निराळं होतं. मी मान वर करून पाहिलं तर राजे वर बसून खाली चाललेलं भांडण बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी मिशांत उतरत होतं, आणि ते हसत होते.

आबा इतका वेळ काट्याकडे बघत उभे होते. ते म्हणाले, “माल जास्ती शे. वजन वाढावा.” एवढंच. बाजारात हीच रीत होती. माल जास्त निघाला तर माल फेकत नाहीत, वजनं वाढवतात. पण इथे वजन म्हणजे राजे होते. आम्ही आबांकडे बघत राहिलो. राणीमायला आधी समजलं. चारसहा जणांनी राजांची फळी ओढून खाली धरली, आणि त्या बाईने नऊवारीचा काष्टा सावरून, हजार माणसांदेखत, नवऱ्याच्या शेजारी बसकण मारली. सोडली फळी. ती वर गेली. मग अक्काने मला काखेत धरून उचललं आणि राजांच्या पुढ्यात आदळलं. उचलताना तिच्या तोंडून हुंकार निघाला.

“घ्या,” ती म्हणाली. “तुमचे मांडे तुमच्याच पारड्यात.”

फळी जरा खाली आली पण पुरेना. अक्का चढली. माय नको नको म्हणत चढली. रांग अजून संपलेली नव्हती, त्यामुळे इकडे माणूस चढलं की तिकडे ढेप पडायची, आणि साक्रीच्या एसटीत नसेल एवढी दाटी आमच्या फळीवर झाली. राणीमायचं कोपर माझ्या बरगडीत, अक्काचा गुडघा राजांच्या मांडीवर. शेवटी अक्काने वरून मामाला हाक मारली, “या, नागरिक.” मामाने आधी टोपी सारखी केली, मग चप्पल काढली, आणि देवळात शिरावं तसा खाली वाकून तो फळीच्या टोकाला येऊन बसला. धुळ्याचं खाल्लेलं अंग. फळी एकदम खाली आली आणि समोरच्या पारड्याच्या जरा वर थांबली. काट्याची सुई जवळजवळ उभी, पण जवळजवळच. आबांना जवळजवळ चालत नसे. त्यांनी मामलेदारांकडे पाहिलं. मामलेदार म्हणाले की सरकारी नोकराला राजाच्या पारड्यात बसता येत नाही. मग थोडा विचार करून त्यांनी डोक्यावरची साहेबी टोपी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

सुई सरळ झाली. झोक्यावरच्या पोरी उतरून बघत होत्या. मामलेदारांनी विचारलं, “किती भरलं हो?”

आबांनी डोळे मिटले. “लाभ,” ते म्हणाले.

मामलेदारांना ते कळलं नाही, आणि त्यांना समजावून सांगायला कोणाला सवड नव्हती.

त्या गुळाचं पन्हं झालं, पुरणं झाली, उरला तो पुन्हा घरोघर गेला, आणि आपलीच ढेप आपल्याकडे परत आली नाही ना याची प्रत्येकीने खात्री करून घेतली. अक्काने कोणाकोणाला काय शपथा घातल्या होत्या त्या बाजूबाजूला बसून जेवताना उघड झाल्या. पंगतीत तिला इतक्या शिव्या बसल्या की ती खूश झाली. मधूमामा धुळ्याला गेल्यावर तिथल्या मित्रांना सांगत असे की मी एका राज्याच्या कारभारात काही काळ बसलो होतो. आता आमच्या डॉक्टरांकडे विजेचा काटा आहे. वर उभं राहिलं की लाल आकडा पेटतो, आणि डॉक्टर नाराज होतात. मी त्यांना सांगून पाहिलं की यातलं थोडं वजन राजांचं आहे. ते म्हणाले, आजी, चालायला जात जा.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी डबा घेऊन माडीवर गेले. पट मांडला. राजांनी अचकन काढून बंडी घातली होती. खाली पटांगणात अजून पोरींचं गाणं चाललं होतं आणि काट्याच्या साखळ्यांना कोणीतरी झोका देत होतं. मायने डब्यात मांडे दिले होते आणि वाटीत आमरस. राजांनी डबा उघडला, वास घेतला, डोळे मिटले. मी सरसावून बसले. त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. मग मांड्याची घडी उलगडून रसात बुडवली आणि खातच राहिले, खाली मान घालून, भराभर, बोटं चाटून, शेवटचा तुकडा वाटीला पुसून. मला एक घासही दिला नाही.

मग त्यांनी कवड्या माझ्याकडे सरकवल्या आणि मायला निरोप सांगितला की उद्या जरा जास्त पाठव.